पाय दिसतील अशी जागा : रोडा स्कॉट यांना पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकताना

निघण्याआधी

हॅमंड ऑर्गन या विजेवरच्या वाद्यावर जॅझ वाजवणारी मोठी माणसं एकेक करून जात आहेत. डॉ. लॉनी स्मिथ २०२१ मध्ये गेले. जोई डीफ्रान्सेस्को २०२२ मध्ये गेले, तेही अवघ्या ५१ व्या वर्षी. ‘पुढच्या दौऱ्यात ऐकू’ म्हणणाऱ्यांचं ऐकायचं राहूनच गेलं. याच वाद्याच्या वादक रोडा स्कॉट यांचा जन्म १९३८ चा आहे. त्यांच्या पॅरिसमधल्या कार्यक्रमाची तारीख जाहीर झाली, की जायचं की नाही ते त्याच आठवड्यात ठरवावं.

रोडाबाई मूळच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या. वडील पाद्री होते, त्यामुळे ऑर्गन लहानपणी चर्चमध्येच हाताला लागला आणि पायालाही. वाजवायला बसताना बूट काढून ठेवायची सवय तेव्हाची. ती आजवर सुटलेली नाही, म्हणून फ्रान्समध्ये त्यांची ओळखच ‘अनवाणी ऑर्गनवादक’ अशी आहे. १९६७ मध्ये त्या नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांझे यांच्याकडे शिकायला फ्रान्सला आल्या आणि पुढे तिथेच राहिल्या. पॅरिस हे त्यांचं घरचं व्यासपीठ, त्यामुळे त्यांना पहिल्यांदा ऐकायचं तर तिथेच ऐकावं असं आमचं ठाम मत आहे. मोठ्या महोत्सवात त्या शंभर फुटांवर दिसतात, पॅरिसच्या क्लबात दहा फुटांवर.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी कार्यक्रमाचं तिकीट, कारण क्लबची बैठक छोटी असते आणि संपते ती हीच गोष्ट आधी. मग रद्द करता येईल असं राहण्याचं आरक्षण, मग शेंगेन व्हिसा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. प्रौढांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. गाडी अडते ती बहुतेकदा अर्ज देण्याची तारीख मिळण्यापाशी. उन्हाळी सुट्टीच्या आधी या तारखा भराभर जातात, म्हणून कार्यक्रमाचं तिकीट हातात आलं की त्याच दिवशी ती तारीख घ्यावी.

तिकीट घेताना एक बारीक गोष्ट नीट वाचावी. पॅरिसचे तीन जॅझ क्लब रु दे लोंबार या एकाच गल्लीत, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत: ४२ क्रमांकावर द्युक दे लोंबार, ५८ वर बेझे साले आणि ६० वर सनसेट-सनसाइड. शेवटच्याची नावं दोन, कारण खोल्याही दोन: सनसाइड तळमजल्यावर आणि सनसेट तळघरात. दोन्हीकडे एकाच संध्याकाळी वेगवेगळे कार्यक्रम असू शकतात. द्युकमध्ये एका संध्याकाळी दोन खेळ असतात आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. रोडाबाई या गल्लीत बरीच वर्षं वाजवत आल्या आहेत. २००४ मध्ये त्यांनी उभ्या केलेल्या ‘लेडी क्वार्टेट’ या चार स्त्रियांच्या चौकडीची थेट ध्वनिमुद्रित तबकडीही सनसेटमधलीच आहे.

विमानाची तारीख अशी धरावी की कार्यक्रम तिसऱ्या दिवशी येईल. हा चोचलेपणा नाही. पॅरिस भारताच्या हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं. हिवाळ्यात रात्री नऊचा कार्यक्रम म्हणजे शरीराच्या घड्याळात पहाटेचा दीड. पोहोचल्या दिवशीच ऐकायला गेलं तर दुसऱ्या गाण्यापर्यंत मान कलंडते आणि इतक्या लांब येऊन ऐकलं काय, तर अर्धवट झोपेतला घुमारा.

पहिला दिवस, शुक्रवार

मुंबईहून थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला आरईआर बी ही रेल्वे सगळ्यांत सरळ. विमानतळाचं एकेरी तिकीट २०२५ मध्ये १३ युरो होतं. मेट्रोचं साधं तिकीट या प्रवासाला चालत नाही. ते घेऊन बसलेल्यांना तपासनीस हमखास दंड करतात. तिकिटं ज्यावर भरून घेतात ते नाविगो ईझी कार्ड २ युरोंना मिळतं, पण एक कार्ड एकाच माणसाला चालतं. दोघांनी एकाच कार्डावर ये-जा करता येत नाही, प्रत्येकाने आपलं घ्यावं.

शातले-ले-आल या स्थानकात उतरायचं. जमिनीखाली ते एक छोटं गावच आहे आणि पहिल्यांदा येणारा तिथे वीस मिनिटं सहज फिरत राहतो. रस्त्याचं नाव शोधत बसू नये. आधी वर, उघड्यावर यावं. ले-आलचं मोठं पिवळसर छत दिसलं की तिथून फोंतेन देझिनोसां या जुन्या दगडी कारंज्याकडे चालत जावं. कारंज्यापासून रु दे लोंबार दोन-तीन मिनिटांवर आहे. स्थानकात पाकीटमार पुष्कळ, म्हणून पासपोर्ट आणि तिकीट आतल्या खिशात.

पहिल्या संध्याकाळी एवढंच काम: गल्ली पायाने ओळखून घ्यायची. दारं कुठे आहेत, रांग कुठल्या बाजूला लागते, तळघराचा जिना किती अरुंद आहे, जेवायला जवळ काय आहे. शाकाहारी मंडळींना मारे भागातली रु दे रोझिए ही फलाफलची गल्ली चालत पंधरा मिनिटांवर आहे. मात्र तो ज्यू वस्तीचा भाग असल्यामुळे तिथली बरीच दुकानं शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारभर बंद असतात. शुक्रवारी उतरणारा भुकेला माणूस नेमका इथेच फसतो. डोसा-भातावर जीव असेल तर गार द्यू नॉर स्थानकामागे ला शापेल भागात तमिळ खाणावळी आहेत. आरईआर बी तिथे थांबतेच.

दुसरा दिवस, शनिवार

हा दिवस कान तयार करण्याचा. सकाळी सीन ओलांडून सां-जेर्मां-दे-प्रे भागात चालत जावं. रु सां-बन्वा या छोट्या रस्त्यावर ‘बिलबोके’ नावाचा क्लब होता. रोडाबाईंचं पॅरिसमधलं नाव १९६८ च्या सुमारास तिथून वर आलं. पॅरिसने जॅझ ऑर्गनला त्याही आधीपासून थारा दिला आहे. फिलाडेल्फियाचे ऑर्गनवादक लू बेनेट १९६० मध्ये इथे आले आणि ब्लू नोट क्लबात ड्रमर केनी क्लार्क यांच्याबरोबर वाजवू लागले. ऑर्गनवादक एडी लुइस तर पॅरिसमध्येच जन्मलेले. अमेरिकेबाहेर या वाद्याला इतकं प्रेम दुसऱ्या कुठल्या शहराने दिलं असेल असं आम्हाला वाटत नाही.

दुपारी खोलीवर परतून वाद्य समजून घ्यावं. संगीत नाटकातला ऑर्गन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याचे पाय भाता मारतात, म्हणजे हवा पुरवतात, आणि सूर हातातून येतात. हॅमंडमध्ये पायांना हवेचं काम नाही. तिथे हवाच नाही. लॉरेन्स हॅमंड मूळचे घड्याळवाले. विजेच्या घड्याळात असते तशी, मुख्य विजेच्या लयीवर फिरणारी मोटर त्यांनी घेतली, तिच्यावर दातेरी चकत्या बसवल्या आणि प्रत्येक चकतीसमोर एक चुंबक व तारेचं वेटोळं ठेवलं. दाते चुंबकासमोरून जाताना वेटोळ्यात जी वीज उमटते तोच सूर. बी-३ या प्रसिद्ध मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या असतात, वर ६१-६१ पट्ट्यांचे दोन थर आणि खाली पायांसाठी २५ लाकडी पट्ट्या. मोकळे झालेले पाय इथे खर्ज वाजवतात.

मोटर विजेच्या लयीशी बांधलेली असल्यामुळे एक गंमतीचा पण खर्चिक घोटाळा होतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आंदोलनांची, युरोपात आणि आपल्याकडे ५० ची. अमेरिकेतून आणलेला हॅमंड ट्रान्सफॉर्मर लावून युरोपात सुरू केला तर दाब जुळतो, पण लय जुळत नाही, आणि सगळं वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडं अधिक उतरतं. पांढरी चार दाबावी तर ऐकू येते पांढरी दोन, तीही किंचित बसलेली. म्हणून युरोपात चालणाऱ्या वाद्याला ५० हर्ट्झची मोटर लागते किंवा विजेची लय बदलणारं यंत्र. मुंबई-गोव्यात कोणी जुना हॅमंड मागवणार असेल तर ही पहिली चौकशी करावी.

आता ड्रॉबार. वरच्या थराच्या मागे ओढायच्या नऊ-नऊ पट्ट्यांचे संच असतात. प्रत्येक पट्टी एक स्वर मिसळते, आणि ती शून्यापासून आठपर्यंत किती बाहेर ओढली त्यावर त्या स्वराचं प्रमाण ठरतं. दोन तपकिरी, चार पांढऱ्या, तीन काळ्या. पांढऱ्यांतून षड्ज आणि त्याची वरची सप्तकं येतात, काळ्यांतून पंचम आणि गंधार. डावीकडून पहिल्या तिन्ही पूर्ण ओढायच्या आणि उरलेल्या सहा आत ठेवायच्या, ही जॅझ ऑर्गनची सगळ्यांत ओळखीची मांडणी. या तिन्हींतून येतं काय? खालचा सा, मग पंचम, मग मधला सा. म्हणजे जवळजवळ तंबोराच! तंबोऱ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला हा आवाज पहिल्याच झटक्यात आपला का वाटतो, त्याचं आमच्या मते हेच कारण आहे.

या मांडणीवर बहुतेक वेळा ‘पर्कशन’ लावतात. सुराच्या सुरुवातीला टिचकी मारल्यासारखा एक टोक येतो आणि लगेच विरतो. तो फक्त आधीच्या सगळ्या पट्ट्या सुटलेल्या असतील तरच पुन्हा येतो. एक बोट जरी दाबलेलं राहिलं तरी पुढच्या सुराला टोक नाही. चांगला वादक याचाच वापर करतो: तुटक वाजवून टोक आणतो, जोडून वाजवून घालवतो. पर्कशन चालू असताना नववा ड्रॉबार मुका होतो, कारण त्याचीच जोडणी पर्कशनच्या कामी लागते. बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे.

आणखी एक गोष्ट पियानो ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. हॅमंडची पट्टी जोरात मारली काय किंवा हलक्याने दाबली काय, आवाज तेवढाच येतो. लहान-मोठा आवाज सगळा उजव्या पायाखालच्या एका वेगळ्या पेडलवरून होतो. म्हणून बऱ्याच जॅझ वादकांचा उजवा पाय तिथे अडकलेला असतो आणि खर्जाचं काम डावा हात व डावा पाय मिळून करतात, पाय कधी कधी नुसता टोला देण्यापुरता. चर्च ऑर्गनच्या शिस्तीत वाढलेल्या रोडाबाईंचं वेगळेपण इथे आहे. त्यांच्या पायांना पूर्ण काम असतं. खर्जाची चालती ओळ पाय चालवतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

तिसरा दिवस, रविवार

सकाळ सां-सुल्पिस चर्चसाठी राखावी. शातलेहून मेट्रो ४ ने पाचवं स्थानक. रविवारच्या मुख्य प्रार्थनेनंतर तिथे ऑर्गनवादन असतं, मोफत. वेळ चर्चच्या फलकावर पाहून घ्यावी. अरिस्तिद काव्हाये-कोल यांनी १८६२ मध्ये घडवलेला, शंभर स्टॉपांचा (स्टॉप म्हणजे एकेका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचा संच) आणि हातांसाठी पाच थरांचा हा ऑर्गन. शार्ल-मारी विदोर १८७० पासून १९३३ पर्यंत इथले वादक होते. ऑर्गन मागच्या बाजूला, मुख्य दाराच्या वर आहे, आणि खुर्च्या वेदीकडे तोंड करून. अनेक लोक मान मागे वळवून अवघडून ऐकतात. त्याची गरज नाही. दगडी कमानींवरून फिरून आवाज पुढेच येतो. मध्याच्या थोडं मागे बसावं, डोळे मिटावे.

जॅझ ऐकायच्या दिवशी सकाळी पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांचा ऑर्गन, कशाला? कारण ड्रॉबारवरचे १६, ८, ४ हे आकडे इथून आले आहेत. ते नळीच्या लांबीचे फूट आहेत. ८ फुटी नळीतून साधा सूर, १६ फुटीतून एक सप्तक खाली, ४ फुटीतून एक सप्तक वर. इथे पायांसाठी ३२ फुटी नळ्याही आहेत. त्यातला सगळ्यांत खालचा सूर सेकंदाला साधारण १६ कंपनांचा, तो कानाला कमी आणि खुर्चीच्या पायाला जास्त कळतो. अमेरिकेतल्या ज्या चर्चना असा ऑर्गन परवडत नव्हता तिथे १९३५ नंतर हॅमंड शिरला, कृष्णवर्णीय चर्चच्या गाण्यात मुरला आणि तिथून जॅझमध्ये आला. रोडाबाईंचं घरही याच वाटेवरचं. सकाळी हे ऐकून संध्याकाळी त्यांना ऐकलं की एकाच वंशातली दोन माणसं एका दिवसात भेटल्यासारखी वाटतात.

दुपारी दोन तास झोप काढावीच. हलकं जेवून दारं उघडण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभं राहावं. या क्लबांत जागा बहुधा क्रमांकाच्या नसतात, जो आधी येईल त्याला हवी ती. कपड्यांचं बंधन नाही. सनसेटचं तळघर मेट्रो स्थानकासारख्या टाइल्सचं आहे आणि भरलं की उकडतं. जाड कोट आत अडचण होतो.

आत शिरल्यावर पहिले तीस सेकंद महत्त्वाचे. मंचाकडे पाहायचं आणि तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, वाद्याचे पाय. खालून मोकळं, चार कोरीव पायांवर उभं असेल तर बी-३. खालचा भाग लाकडी फळ्यांनी बंद असेल तर सी-३. आतलं यंत्र दोन्हींचं एकच. सी-३ चर्चसाठी केलेलं, समोर बसलेल्या लोकांना वादकाचे पाय दिसू नयेत म्हणून झाकलेलं. बी-३ असेल तर समोरून किंवा बाजूने पाय दिसतात. सी-३ असेल तर वादकाच्या मागे किंवा तिरकं बसल्याशिवाय काही दिसणार नाही. रोडाबाईंना ऐकायला जाऊन फळ्यांसमोर बसलात तर अर्धा कार्यक्रम गेला.

दुसरी, लेस्ली, म्हणजे हॅमंडचा फिरता स्पीकर. कपाटासारखी लाकडी पेटी, आडव्या झडपांची, वाद्यापासून थोडी दूर. आत वर एक जोडकर्णा फिरतो, ज्याच्या दोन तोंडांपैकी एकच खरं वाजतं आणि दुसरं फक्त तोल सांभाळतं. खाली खर्जाच्या स्पीकरपुढे लाकडी ढोल फिरतो, कर्ण्याच्या उलट दिशेने. सावकाश गती मिनिटाला चाळीसेक फेरे, जलद गती चारशेच्या आसपास. या पेटीच्या तोंडासमोर चार फुटांत बसू नये. कर्णा कानावर आपटत राहतो आणि बाकी वाद्यं ऐकूच येत नाहीत. दहा-बारा फूट आणि थोडं बाजूला, हे अंतर चांगलं.

तिसरी, ड्रमची झांज. ती आपल्या आणि ऑर्गनच्या मधोमध नको.

खरा हॅमंड आहे की नवा डिजिटल, हे सुरू करण्याच्या पद्धतीवरून कळतं. खऱ्याला दोन स्विच असतात. आधी ‘स्टार्ट’ दाबून साधारण आठ सेकंद धरायचा. आतल्या चकत्या वेग घेतात तेव्हा हलकी घरघर ऐकू येते. मग तो न सोडता ‘रन’ चालू करायचा आणि चारेक सेकंदांनी ‘स्टार्ट’ सोडायचा. घाई झाली तर मोटर लयीत येत नाही आणि वाद्य मुकं राहतं. मग सगळं बंद करून, चकत्या थांबेपर्यंत वाट पाहून पुन्हा सुरुवात. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह यात असतात, ते तापायला वेळ लागतो तो वेगळाच. म्हणून मध्येच वीज गेली तर ऑर्गनचा कार्यक्रम पाच मिनिटं तरी थांबतो, गिटारवाल्यांसारखा लगेच उभा राहत नाही. तळघरात डिजिटल वाद्य दिसलं तर नाराज होऊ नये. बी-३ बाक आणि पेडलांसह जवळपास १९० किलो भरतो, आणि अरुंद जिन्याने तो उतरवायला चार धडधाकट माणसं लागतात. पायांची पेडलं मात्र डिजिटललाही हवीतच. ती आहेत का तेवढं बघावं.

रोडाबाई येतात, बूट काढतात, बाकावर सरकतात. यात नाटकीपण काही नाही. देवळात चप्पल काढावी इतक्या सहज होतं ते. नजर तिथेच ठेवावी. पायाची बोटं पट्टी शोधत नाहीत, पट्टी कुठे आहे हे त्यांना आधीच माहीत असतं. टाच एका पट्टीवर आणि चवडा पुढच्या पट्टीवर, असा पाय कोनात फिरतो, आणि दुसरा पाय त्याच्या मागून किंवा पुढून वाट काढतो. बुटाच्या तळव्यातून जे कळत नाही ते अनवाणी पायाला कळतं: लाकडाची कड, दोन पट्ट्यांमधली फट, पट्टी किती खाली गेली. खर्जाची ओळ चालू असताना वरचं अंग जवळजवळ स्थिर असतं. कमरेखाली एक माणूस चालत निघालाय आणि कमरेवर दुसरा निवांत गप्पा मारत बसलाय, असं ते दृश्य आहे.

पहिलं संथ गाणं आलं की डाव्या हाताकडे पाहावं. खालच्या थराच्या डाव्या टोकाला लेस्लीचा छोटा स्विच असतो. शेवटचा लांब सूर धरला जातो, हात क्षणभर स्विचकडे जातो आणि कर्णा वेग घेऊ लागतो. हलका असल्यामुळे तो सेकंदभरात पोहोचतो, खालचा जड ढोल मात्र पाच-सहा सेकंद रेंगाळतो. त्या मधल्या वेळात वरचा सूर थरथरू लागलेला असतो आणि खालचा अजून शांत. ध्वनिमुद्रणात हे दोन्ही एकत्र चेपले जातात. खोलीत ते वेगवेगळ्या उंचीवरून अंगावर येतात. आमच्यासाठी प्रत्यक्ष जाऊन ऐकण्याचं सगळ्यांत मोठं कारण हा क्षण आहे. बाकी सगळं तबकडीवर थोडंफार मिळतं, हे नाही.

आपल्या सवयीबद्दल एक सूचना. आपण समेवर दाद देतो, मात्रा पहिलीपासून मोजतो. जॅझच्या चार मात्रांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते. पहिल्यावर वाजवली तर शेजारी वळून बघतात आणि ड्रमरला त्रास होतो. बारा मापांचं (एक माप म्हणजे चार मात्रा) ब्लूज मात्र आवर्तनच समजावं. दोन-तीन आवर्तनं मोजून पाहिली की एकल वादन कुठे संपणार ते कळू लागतं, आणि दाद तिथे, गाणं चालू असतानाच, द्यायची. लेडी क्वार्टेटमध्ये ज्युली सोरी यांचा ड्रम ऐकताना पायांच्या खर्जाशी त्यांचा मोठा ड्रम कुठे जुळतो आणि कुठे मुद्दाम वेगळा राहतो ते ऐकावं. चौकडीत बास वाजवणारं कोणी नाही, त्यामुळे या दोघींचं जमलं की मगच सॅक्सोफोनला उभं राहायला जमीन मिळते.

बिघडतं काय? खोली बुटकी आणि चौकोनी असेल तर खर्जाचा एखादाच सूर बाकीच्यांपेक्षा दुप्पट फुगून येतो. ती खोलीची गुंज असते, वादकाची चूक नव्हे. भिंतीला टेकून बसलं तर ती वाढते, दोन पावलं पुढे सरकलं तर कमी होते. लेस्लीचा पट्टा घसरला तर कर्णा एकाच गतीत अडकतो. पट्टी दाबताना येणारी टिकटिक मात्र बिघाड समजू नये. प्रत्येक पट्टीखाली नऊ जोडण्या असतात आणि त्या एकाच क्षणी मिटत नाहीत. हॅमंड कंपनीने तो दोष मानून घालवायचा प्रयत्न केला. जॅझवाल्यांनी तो लाडाने ठेवून घेतला.

फोटो फ्लॅशशिवाय आणि एकदाच. चित्रीकरण करू नये. क्लबांना ते चालत नाही, आणि फोनचा छोटा माइक खर्ज पकडतही नाही. संपल्यावर लगेच उठू नये. गर्दी ओसरू द्यावी आणि परवानगी विचारून वाद्याजवळ जाऊन पेडलं पाहावीत, हात न लावता. जुन्या वाद्यांत कुठल्या पट्ट्यांवरचं पॉलिश उडालंय त्यावरून ते कोणाच्या पायाखाली आयुष्यभर राहिलं ते वाचता येतं. फक्त डाव्या पायाने वाजवणाऱ्यांच्या वाद्यात खालचं सप्तक झिजलेलं असतं आणि वरच्या पट्ट्या नव्यासारख्या चमकतात.

रविवारी रात्री मेट्रो सव्वाच्या सुमारास थांबते. उशीर झाला तर रात्रीच्या नॉक्टिलियन बस शातलेहूनच सुटतात. दुसरा खेळ घेतला असेल तर थांब्याचं नाव आधीच लिहून ठेवावं.

चौथा दिवस, सोमवार

बरीच दुकानं आणि संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे फार बेत आखू नये. चालत सां-उस्ताश चर्चपर्यंत जाऊन यावं. तिथला ऑर्गन १९८९ चा, जवळपास ८,००० नळ्यांचा. वाजत नसला तरी त्याची लाकडी मांडणी बघण्यासारखी आहे. मग सामान बांधून पुन्हा आरईआर बी.

विमानतळापर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात रोडाबाईंनी १९७७ मध्ये केनी क्लार्क यांच्याबरोबर केलेली तबकडी ऐकावी, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर नको, त्याला खर्ज पेलत नाही. आधी शंभरदा ऐकली असली तरी आज कान आपोआप खाली जातो. टाच कुठे पडली आणि चवडा कुठे पडला ते कळतं. त्या तबकडीवर वादक दोघंच आहेत, ऑर्गन आणि ड्रम. खाली जे चालत असतं ते सगळं त्या दोन पायांचं आहे.